डुमनाचे विमान, कान्हाचा वाघ आणि लेन्सची किंमत

हौसेला मोल नसते, असे म्हणण्याची मराठीत जुनी रीत आहे. मोल नसेलही, किंमत मात्र असते आणि ती कुणाच्या तरी बचत खात्यातून वजा होत असते. गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय घरांत ज्या हौशींनी मूळ धरले, त्यांत दूरच्या वस्तूंचे छायाचित्रण ही बहुधा सर्वांत खर्चिक हौस असावी. पक्षी, वन्य प्राणी आणि विमाने हे या हौसेचे तीन प्रमुख विषय. तिन्ही दूर असतात, तिन्ही हलतात आणि तिन्ही छायाचित्रकाराचे ऐकत नाहीत. त्यामुळे तिघांसाठीही टेलिफोटो लेन्स हवी, एवढे प्रत्येकाला ठाऊक असते. कोणती हवी, या प्रश्नाशी येताच मात्र विचार थांबतो आणि दुकानदाराचा सल्ला सुरू होतो.

जबलपूर शहरात या प्रश्नाला वेगळीच धार आहे. घमापूर, कांचघर, रांझी हा शहराचा पूर्वेकडचा पट्टा तोफगाडी कारखान्याच्या आणि इतर आयुध निर्माण्यांच्या आश्रयाने वाढला. नोकरीनिमित्त येऊन इथेच स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही या भागात आहेत. शहराच्या याच अंगाला पुढे डुमना आहे. तेथे एकीकडे विमानतळ आणि दुसरीकडे महानगरपालिकेचे सुमारे १ हजार हेक्टरांचे निसर्ग उद्यान आहे. खंदारी जलाशय, चितळांचे कळप, रानडुकरे आणि पाणपक्षी असा तेथील संसार. विमान आणि वन्य जीव एकाच रस्त्यावर भेटावेत, अशी ठिकाणे देशात फार थोडी असतील. ही भेट नेहमीच सुखाची असते असेही नाही. ४ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईहून आलेले क्यू-४०० जातीचे प्रवासी विमान डुमना येथे उतरताना धावपट्टीवर आलेल्या रानडुकरांच्या कळपावर आदळले. विमानाचे चाक मोडले. सुदैवाने प्रवाशांना इजा झाली नाही. याखेरीज कान्हा आणि बांधवगड ही दोन्ही राष्ट्रीय उद्याने जबलपूरहून रस्त्याने काही तासांच्या अंतरावर आहेत.

आता घमापुरात राहणारा एक ग्राहक कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला, प्रकृतीने ठणठणीत, हाती ग्रॅच्युइटीची रक्कम आणि मनात बरीच वर्षे दाबून ठेवलेली छायाचित्रणाची इच्छा. तो दुकानात जातो. त्याला भिंतीवरचे वाघाचे भव्य चित्र दाखवले जाते आणि "साहेब, वाघ टिपायचा तर मोठीच लेन्स हवी," असे सांगितले जाते. तीन-चार लाखांचा आकडा पुढे येतो आणि पाठोपाठ सुलभ हप्त्यांचा कागदही. या क्षणी त्याने काय करावे, हा या लेखाचा विषय आहे. या लेखाचे मत असे की, वाघाच्या नावावर लेन्स विकत घेणे हीच या हौसेतील सर्वांत महागडी समजूत आहे.

अंतराचे सोपे गणित

लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा म्हणजे तिचे नाभीय अंतर. वस्तूची प्रतिमा सेन्सरवर किती मोठी उमटेल, हे काढण्यासाठी एक सोपे सूत्र पुरते. वस्तूच्या लांबीला नाभीय अंतराने गुणावे आणि वस्तूपर्यंतच्या अंतराने भागावे. सातवी-आठवीतल्या नातवंडालाही हे गणित सोडवता येईल. ज्या कॅमेऱ्यांना एपीएस-सी म्हणतात, त्यांच्या सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मि.मी. असते, फुल फ्रेम कॅमेऱ्यात ती ३६ मि.मी. असते. ही दोन मापे लक्षात ठेवून तीन उदाहरणे सोडवून पाहावीत.

पहिले उदाहरण विमानाचे. लहान शहरांना जोडणारे एटीआर ७२ हे दोन पंख्यांचे विमान सुमारे २७ मीटर लांब असते. ते ५०० मीटर अंतरावरून जात असता ४०० मि.मी.च्या लेन्समधून त्याची प्रतिमा जवळजवळ २२ मि.मी. लांब उमटते. एपीएस-सी कॅमेऱ्याची चौकट जवळपास भरून जाते. एअरबस ए-३२० हे विमान साडेसदतीस मीटर लांब. तेवढ्याच अंतरावर त्याला ३०० मि.मी. पुरेसे होतात. ४०० मि.मी. लावल्यास नाक किंवा शेपूट चौकटीबाहेर जाईल.

दुसरे उदाहरण वाघाचे. शेपूट सोडून वाघाची लांबी सुमारे १.८ मीटर धरावी. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यटकांच्या वाहनाने वन्य प्राण्यापासून किमान २० मीटर दूर राहायचे असते. वाघ ३० मीटरवर आडवा उभा असेल, तर ४०० मि.मी.च्या लेन्समधून त्याची प्रतिमा २४ मि.मी. होते, म्हणजे एपीएस-सीची चौकट पूर्ण भरते. २० मीटरवर तो फुल फ्रेम कॅमेऱ्याची ३६ मि.मी.ची चौकटही भरून टाकतो. तेथे ६०० मि.मी.ची लेन्स लावणाऱ्याला वाघाचे तोंड मिळेल, पण वाघाभोवतीचे सालवन, गवत आणि पाणवठा, म्हणजे ज्यासाठी कान्हाला जायचे ते सारे, चौकटीबाहेर राहील.

तिसरे उदाहरण डुमनाच्या जलाशयाकाठी फांदीवर बसलेल्या खंड्याचे. त्याची लांबी चोचीसह सुमारे २८ सेंटिमीटर. तो अवघ्या २० मीटरवर असला, तरी ४०० मि.मी.मधून त्याची प्रतिमा ५.६ मि.मी. उमटते, एपीएस-सी चौकटीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. ६०० मि.मी. लावले तर ती ८.४ मि.मी. होते.

या तीन उत्तरांतून निघणारा निष्कर्ष सामान्य समजुतीच्या उलट आहे. अर्ध्या किलोमीटरवरच्या विमानाला मध्यम लेन्स पुरते, वाघालाही पुरते. लांब लेन्सची खरी गरज समोरच्या झाडावरील चिमुकल्या पक्ष्याला असते. म्हणून ज्याची आवड विमाने आणि मोठे प्राणी एवढीच आहे, त्याने १००-४०० मि.मी.च्या पलीकडे पाहण्याचे कारण नाही. ज्याचा जीव पक्ष्यांत रमतो, त्याने मात्र १५०-६०० किंवा २००-६०० या वर्गातील झूम लेन्सचा विचार करावा.

याच सूत्राची दुसरी बाजू अशी की, भाजक निम्मा केला तर उत्तर दुप्पट होते. २० मीटरवरचा खंड्या १० मीटरवर येऊन बसला, तर ४०० मि.मी.ची लेन्स ८०० मि.मी.चे काम करते आणि त्यासाठी एक रुपयाही पडत नाही. खंड्या ठरावीक फांदीवर पुनःपुन्हा येतो. ती फांदी आधी हेरून, पाण्याकाठच्या झुडपामागे तासभर निश्चल बसणाऱ्याला हे अंतर मिळते. किरण पुरंदरे यांनी नागझिऱ्याच्या जंगलात ४०० दिवस मुक्काम केला आणि त्यातून 'सखा नागझिरा' हे पुस्तक आकाराला आले. एका रानाची इतकी ओळख झालेल्या माणसाला पक्षी कोठे येईल हे आधी कळते. ही ओळख कोणत्याही दुकानात मिळत नाही. घमापूरच्या रहिवाशाला डुमनाच्या बाबतीत ती सहज करून घेता येईल.

प्रकाशाची किंमत

मग लाखो रुपयांच्या लेन्स कशासाठी असतात? त्या प्रकाशासाठी असतात. लेन्सवर एफ या अक्षरापुढे लिहिलेला आकडा जितका लहान, तितका तिच्यातून अधिक प्रकाश येतो. एफ ४ ची लेन्स एफ ६.३ च्या लेन्सपेक्षा सुमारे अडीचपट प्रकाश आत घेते, एफ २.८ ची सुमारे पाचपट. ६०० मि.मी. आणि एफ ४ हे दोन्ही साधायचे तर पुढच्या भिंगाचा व्यास किमान १५० मि.मी. असावा लागतो, ६०० मि.मी. आणि एफ ६.३ असेल तर ९५ मि.मी.त भागते. मोठे भिंग घडवणे अवघड, त्याची नळी जड आणि गिऱ्हाईक थोडे. म्हणून अशा लेन्सचे वजन तीन किलोच्या घरात आणि किंमत दहा लाखांच्या पलीकडे जाते.

कान्हाच्या सालवनात हिवाळ्यातील पहाटे उजेड खरोखरच कमी असतो. तेथे एफ ६.३ च्या लेन्सने जर ३२०० आयएसओ लागत असेल, तर एफ २.८ च्या लेन्सने साधारण ६४० मध्ये तेच चित्र मिळेल आणि ते अधिक स्वच्छ असेल. तेव्हा वाघासाठी काही अधिक द्यायचेच असेल, तर ते लांबीसाठी न देता उजेडासाठी द्यावे. मात्र येथेही काळ बदलला आहे. डिजिटल कॅमेरे नवे होते त्या काळात १६०० आयएसओवर चित्र दाणेदार होऊन जाई. आजच्या सेन्सरवर ३२०० सुसह्य असतो आणि संगणकावरील दाणे घालवण्याची साधने उरलेले काम करतात. ज्याची चित्रे घराच्या भिंतीवर, नातेवाइकांच्या मोबाइलवर आणि फार तर एखाद्या प्रदर्शनात जाणार आहेत, त्याने या अडीचपट प्रकाशासाठी पाचपट पैसे मोजावेत का, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

विमानाच्या बाबतीत प्रकाशाचा प्रश्न क्वचितच येतो. ती उघड्या आकाशात असतात. तेथे शत्रू वेगळाच असतो. एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारी तापलेल्या धावपट्टीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरींत विमानाच्या कडा विरघळतात. दहा लाखांची लेन्सही या लहरी अधिक मोठ्या करून दाखवण्यापलीकडे काही करू शकत नाही. यावर उपाय सकाळी लवकर जाण्याचा आणि जवळच्या अंतराचा. पंख्याच्या विमानांचा आणखी एक विशेष आहे. एटीआरचे सहा पात्यांचे पंखे पूर्ण वेगात मिनिटाला सुमारे १,२०० फेरे घेतात. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके ठेवले, तर पाती गोठतात आणि विमान हवेत टांगल्यासारखे दिसते. १/१२५ सेकंद ठेवले, तर प्रत्येक पाते पुढच्या पात्याच्या जागेपर्यंत जवळजवळ पोहोचते आणि चित्रात पंख्याचे पूर्ण वर्तुळ उमटते. इतक्या संथ शटरने चालत्या विमानाचा माग धरणे हा हाताचा सराव आहे. तो विकत घेता येत नाही.

कॅमेरा नंतर, लेन्स आधी

नवा छायाचित्रकार बहुधा आधी कॅमेरा ठरवतो आणि उरलेल्या पैशांत लेन्स बसवतो. हा क्रम उलटा करावा. कॅमेऱ्याची बॉडी दर काही वर्षांनी जुनी ठरते. चांगली लेन्स दहा-पंधरा वर्षे सहज सेवा देते आणि विकायला काढली तर तिची किंमतही अधिक टिकते. शिवाय लेन्स नव्या बॉडीवर चालू शकते. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून त्याच कंपनीच्या आरएफ कॅमेऱ्यांवर चालतात. निकॉनच्या मोटर असलेल्या एफ माउंट लेन्स झेड कॅमेऱ्यांवर एफटीझेड अडॅप्टरने चालतात. म्हणजे लेन्स ही स्थावर मालमत्तेसारखी आणि बॉडी ही वाहनासारखी समजावी.

बॉडी निवडताना मेगापिक्सेलच्या आकड्याला अवास्तव महत्त्व दिले जाते. हलणाऱ्या विषयासाठी फोकस किती लवकर पकडतो आणि किती वेळ टिकवतो, हे पाहणे अधिक आवश्यक. आजचे मिररलेस कॅमेरे या बाबतीत खूप पुढे गेले आहेत. प्राण्याचा वा पक्ष्याचा डोळा ते स्वतः ओळखतात. काही कॅमेऱ्यांत विमान ओळखण्याचीही सोय आहे. तथापि निकॉन डी ५०० (२०१६) आणि कॅनन ७डी मार्क २ (२०१४) हे सेकंदाला दहा चित्रे घेणारे डीएसएलआर आता बनत नसले, तरी जुन्या बाजारात मिळतात आणि विमान व वन्य जीव या दोन्ही कामांना आजही पुरे पडतात. त्यांचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा असल्याने वर मांडलेले गणित त्यांना जसेच्या तसे लागू होते. निकॉनची २००-५०० एफ ५.६ किंवा सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० या झूम लेन्स त्यांच्या जोडीला शोभतात. नवेच घ्यायचे असेल, तर सोनी २००-६०० (२०१९), निकॉन झेड १८०-६०० (२०२३) किंवा कॅनन आरएफ १००-५०० (२०२०) या लेन्सभोवती विचार करावा. कॅननच्या आरएफ ६०० आणि ८०० मि.मी. एफ ११ या लेन्स हलक्या व तुलनेने स्वस्त आहेत. विमानांना आणि भर उन्हातल्या पक्ष्यांना त्या चालतील. पहाटेच्या जंगलात मात्र त्यांचा उपयोग मर्यादित.

एक बारीक पण उपयुक्त गोष्ट येथे नोंदवणे इष्ट. अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर असते. खंड्यासमोर बसताना ते वरदान ठरते. तेच शटर पंख्याच्या विमानावर वापरले आणि सेन्सर संथ असला, तर पाती केळ्यासारखी वाकडी दिसतात. त्यामुळे डुमनाच्या उद्यानात जे बटण चालू ठेवायचे, तेच डुमनाच्या विमानासाठी बंद करून यांत्रिक शटर वापरायचे.

तोफ आणि तिचा गाडा

घमापूरच्या शेजारचा तोफगाडी कारखाना १९०४ सालचा. नळी कितीही उत्तम असली, तरी तिला पेलणारा गाडा भक्कम नसेल तर नेम चुकतो, हे तेथे काम केलेल्यांना सांगावे लागत नाही. लांब लेन्सला हाच न्याय लागू पडतो. निकॉनची २००-५०० लेन्स २.३ किलोची आहे. डी ५०० जोडल्यावर हातात तीन किलोंहून अधिक वजन येते. साठीतल्या माणसाने एवढे वजन हातात धरून उडत्या विमानाचा वा पक्ष्याचा माग किती वेळ काढावा? म्हणून खरेदीपूर्वी लेन्स दुकानात हाती घेऊन पाच मिनिटे डोळ्याला लावून उभे राहावे. हात थरथरू लागले, तर निर्णय तेथेच झाला असे समजावे. कॅननची १००-५०० लेन्स १.४ किलोच्या आत आहे. तिचा उजेड थोडा कमी, पण घरी कपाटात पडून राहणाऱ्या जड लेन्सपेक्षा ती रोज बाहेर पडेल.

कान्हाच्या जिप्सीत तिवई लावायला जागा नसते. तेथे जाड कापडाची पिशवी शिवून तिच्यात पाच-सहा किलो तांदूळ भरावेत आणि ती गाडीच्या कठड्यावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. परतल्यावर तांदूळ घरात वापरता येतात. जंगलाच्या धुळीत लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरला धूळ खाऊ घालणे. त्यामुळेही एकाच ठरावीक लांबीच्या लेन्सपेक्षा झूम लेन्स हौशी माणसाला सोयीची.

पैशाचा हिशेब

या विषयाची खरी कसोटी येथे लागते. कर्ज देणे हा बँकेचा व्यवसाय आहे. तथापि ग्राहकाला हिशेब समजावून देणे हाही त्याच व्यवसायाचा भाग आहे. समजा, ३ लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज दरसाल १२ टक्के दराने ३६ महिन्यांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे ९,९६५ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ५८,७०० रुपये. तोच माणूस महिन्याला १० हजार रुपये आवर्ती ठेवीत टाकील, तर साडेसहा टक्के दराने वर्षअखेर त्याच्या हाती १ लाख २४ हजारांच्या आसपास रक्कम येईल. त्या वर्षभरात जुन्या साध्या कॅमेऱ्याने वा दुर्बिणीने तो डुमनाला जात राहिला, तर आपल्याला पक्षी आवडतात की विमाने, हेही त्याला नक्की कळलेले असेल. बहुतेकांची पहिली लेन्स चुकते ती हे कळण्याआधी घेतल्यामुळे.

शून्य टक्के व्याजाच्या योजनांविषयी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच स्पष्ट केले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात तरी असते किंवा न मिळालेल्या रोख सवलतीत तरी. म्हणून रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज, हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावेत. तातडीची गरज असेल, तर निवृत्तीची मुदत ठेव मोडण्याऐवजी तिच्या तारणावर मर्यादित रक्कम उचलणे बहुधा परवडते. लेन्ससाठी आयुष्याची ठेव मोडणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

पक्क्या पावतीविना मिळणाऱ्या मालाचा मोह अनेकांना होतो. डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तरीही तो वाचवण्याच्या नादात पावती सोडली जाते. पावती नसेल तर कंपनीची हमी मिळत नाही आणि चोरी वा अपघात झाल्यास विम्याचा दावा उभा करणे कठीण होते. पावतीवर बॉडीचा आणि लेन्सचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. जुनी लेन्स घेताना विजेरीच्या उजेडात आतील बुरशी पाहावी. जबलपूरच्या पावसाळ्यात बंद पेटीत ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरतेच. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवणे हा दोनशे रुपयांचा उपाय दोन लाखांची लेन्स वाचवतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. "घ्यायचे ते एकदाच आणि उत्तम घ्यावे, स्वस्त घेणारा दोनदा पैसे देतो," असे जाणकार सांगतात. ज्याचा पोटापाण्याचा व्यवसाय छायाचित्रण आहे किंवा ज्याने पाच-सात वर्षे सातत्याने रानात काढली आहेत, त्याच्यासाठी हा सल्ला योग्यच. पण वर्षातून एकदा कान्हाला जाणाऱ्याने त्या दोन दिवसांसाठी मोठ्या शहरातून लेन्स भाड्याने आणावी. भाडे किमतीच्या मानाने किरकोळ असते. लेन्स विकत घ्यावी ती वर्षातल्या पन्नास रविवारांसाठी. घमापूरच्या ग्राहकाचे पन्नास रविवार डुमनाला जाणार आहेत.

अधिकाराची मर्यादा

लांब लेन्स हे दुरून पाहण्याचे साधन असल्याने ती कोठे रोखायची याचे भान ठेवावे लागते. १९३७ च्या विमान नियमावलीपासून विमानतळाच्या आवारात परवानगीविना छायाचित्रण करण्यास बंधने आहेत. आयुध निर्माण्या तर शासकीय गुपिते कायदा, १९२३ अन्वये निषिद्ध स्थाने ठरतात. ज्या वस्तीच्या भिंतीपलीकडे तोफा तयार होतात, तेथे गच्चीवरून सहज म्हणून रोखलेली ६०० मि.मी.ची लेन्स कुणालाही संशयास्पद वाटू शकते. तेव्हा विमाने सार्वजनिक जागेवरून, आकाशात असतानाच टिपावीत आणि सुरक्षारक्षकाने हटकल्यास वाद न घालता निघून यावे.

जंगलातील शिस्त याहून सोपी नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन भागात मोबाइल फोनच्या वापराला मनाई केली. वाघ दिसल्याची वर्दी फोनवरून पसरताच गाड्यांचा गराडा पडत असे, ही त्यामागची वस्तुस्थिती. आता तेथे खऱ्या कॅमेऱ्याला पुन्हा महत्त्व येईल; त्याबरोबर जबाबदारीही येईल. चालकाला जादा पैसे देऊन गाडी पुढे रेटायला लावणे, घरट्याजवळ जाणे, पक्ष्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवून त्याला बोलावणे, हे सारे वर सांगितलेल्या सूत्रातील अंतर अन्यायाने कमी करण्याचे मार्ग आहेत. डुमनाच्या परिसरात तर प्राण्यांना खाऊ घालणे विमानांसाठीही धोक्याचे ठरू शकते. २०१५ च्या घटनेत सारे प्रवासी सुखरूप राहिले, म्हणून तिचा विसर पडू देऊ नये.

कान्हाच्या कुरणातील कडक जमिनीवर राहणाऱ्या बारशिंग्यांची संख्या १९७० मध्ये केवळ ६६ वर आली होती; संरक्षणाने ती सावरली आणि आज तो मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी म्हणून मिरवतो. धुक्यात उभा असलेला बारशिंगा टिपायला ४०० मि.मी.ची लेन्स आणि एक तांदळाची पिशवी पुरते. घमापूरच्या त्या निवृत्त गृहस्थाने दुकानातील वाघाच्या चित्राकडे पाठ फिरवून आधी कागद-पेन्सिल घ्यावी, तीन ओळींचे गणित सोडवावे, वर्षभराची आवर्ती ठेव उघडावी आणि येत्या रविवारी पहाटे डुमनाचा रस्ता धरावा. लेन्स वर्षाने आली तरी खंड्याची फांदी त्याला ठाऊक झालेली असेल.